दस्तातली तीन वाक्यं

मुरबाडच्या रजिस्टर कचेरीबाहेर पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमध्ये एका टेबलामागे मी एकतीस वर्षं बसलो. परवान्यावर माझा धंदा दस्तलेखकाचा. लोक 'बॉन्ड रायटर' म्हणत आणि म्हातारी माणसं 'लिवनार साहेब' म्हणत. माझी बायको सुनंदा चिडली की 'दगडमातीचे कारकून' म्हणायची.

ती त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची. मी सांगायचो, ती टाइप करायची. आधी खडखडणारं मराठी टाइपरायटर होतं, नंतर कॉम्प्युटर आला. मी मूळचा कल्याणचा, पुस्तकात डोकं घालून बसणारा, माणसांशी कमी बोलणारा. ती शेणव्याची. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या निम्म्या गावांत तिचं कोणी ना कोणी नात्याचं निघायचं. गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की मी सातबारा मागायचो आणि ती पाणी द्यायची. सातबाऱ्यातून मला जे कळायचं, त्यापेक्षा पाणी पिता पिता तिला जास्त कळायचं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

सुनंदाला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्याबद्दल लिहावं असं मनात होतं, पण ते जमेना. म्हणून धंद्याबद्दल लिहायला बसलो आहे. धंद्यात ती आहेच.

बाहेरच्यांना आमचं काम साधं वाटतं, आणि ते साधंच आहे. जमीन विकणारा तो 'लिहून देणार', घेणारा तो 'लिहून घेणार'. प्रत्यक्षात दोघंही काही लिहीत नाहीत. आम्ही लिहितो, त्यांना वाचून दाखवतो, मग ते कचेरीतल्या रजिस्ट्रार साहेबांसमोर जाऊन मशीनवर अंगठा ठेवतात, कॅमेऱ्यात बघतात, आणि जमीन एका घरातून दुसऱ्या घरात जाते. दस्तात नावं लागतात, गट नंबर लागतो, चारी दिशांना कोणाची हद्द आहे ते लागतं. शेवटी 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले' हे लागतं. यातलं एकही वाक्य माझं नाही. माझ्या गुरूंनी ते त्यांच्या गुरूंच्या दस्तातून उतरवलं, मी त्यांच्या दस्तातून उतरवलं. आमच्या धंद्यात नवं वाक्य लिहिणारा माणूस धोकादायक समजतात. जुनं वाक्य कोर्टात टिकलेलं असतं. नव्याचा काय भरवसा?

या उतरवलेल्या भाषेत एक ओळ मला फार आवडायची. जमीन कशासह विकली ते सांगणारी ओळ. 'सदर मिळकत त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह...' पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेवून दिलेली ठेव, सगळं त्यात आलं. दिवसभर गट नंबर आणि आधार नंबर वाचून जीभ कोरडी पडली की ही ओळ यायची आणि मी ती एका दमात म्हणून टाकायचो. ऐकणारे मान डोलवायचे. समजायचं कोणालाच नाही, पण काहीतरी मंगल चाललंय असं वाटायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आमच्या भागात वीसेक वर्षांत जमिनीला पाय फुटले. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला डोंगर दिसणारी जागा हवी आणि आमच्या वाडीतल्या माणसाला बदलापूरला एक खोली हवी. त्या दोघांच्या मधे आमचं टेबल. एकदा ठाण्याहून एक गृहस्थ आले. सगळा दस्त ऐकून घेतला आणि म्हणाले, "यात सिद्धगडाचा व्ह्यू कुठे आहे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मी व्ह्यूचे पैसे दिलेत. एजंट म्हणाला, गड समोर दिसतो म्हणून भाव जास्त आहे. मग दस्तात यायला नको?"

मी त्यांना समजावलं की, दिसणं ही मिळकत नव्हे. समोरच्याने उद्या दोन मजले चढवले तर गड त्याच्या घरामागे जाईल आणि आपण काही करू शकणार नाही. ते खिन्न झाले. सुनंदा मान वर न करता म्हणाली, "पश्चिमेस अमुक, पूर्वेस तमुक लिहितो ना आपण, तसं 'वरती गड' लिहा." ते गृहस्थ हसले नाहीत. "चालेल का तसं?" म्हणाले.

असे दिवस जायचे. आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्याकडे येतो.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतून बाळाराम नावाचा माणूस त्याच्या आईला घेऊन आला. आईचं नाव भिमाबाई, सत्तरीच्या पुढची, सडपातळ, ताठ बसणारी. बाळाराम एमआयडीसीत कामाला होता. त्याची मुलं मोठी झाली होती, त्यांच्या कॉलेजसाठी बदलापूरला जागा घ्यायची होती. भाताची खाचरं त्यांनी ठेवली होती, वरचा, भात न होणारा वरकस माळ तेवढा विकत होते. घेणारे होते डोंबिवलीचे मोडक. नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, अतिशय काटेकोर गृहस्थ. शेतजमीन घ्यायला घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. मोडकांनी गुहागरकडचा सामाईक सातबारा आणला होता. त्यात बरीच नावं होती आणि स्वतःच्या नावाखाली त्यांनी पेन्सिलने बारीक रेघ मारली होती. खिशात टेप, हातात नकाशाची गुंडाळी.

मी दस्त वाचायला लागलो. गट नंबर, हद्दी, मग ती ओळ आली आणि मी ती नेहमीसारखी एका दमात म्हटली.

भिमाबाई म्हणाली, "पाषाण म्हंजे काय वो साहेब?"

एवढ्या वर्षांत त्या ओळीतला शब्द कोणी विचारला नव्हता. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "पाषाण म्हणजे दगड, आजी. शेतातले दगडधोंडे."

"सगळे?"

"सगळे. आता दगडांचं काय घेऊन बसलात?"

मोडक हसले. बाळाराम ओशाळून म्हणाला, "आये, गप र्‍हा ना. साहेब वाचतायत ना."

मी पुढे वाचलं. सुनंदा पुढचा दस्त टाइप करत होती, तो आवाज मध्येच थांबला होता एवढं माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, कॉम्प्युटर अडकला असेल. बारा वाजता भिमाबाईने मशीनवर अंगठा ठेवला. कॅमेऱ्याकडे बघा म्हटल्यावर तिने पदर नीट केला. मोडकांनी सगळ्यांना पेढे दिले. ती तिचा पेढा पदरात बांधून निघून गेली.

घरी जेवताना सुनंदा म्हणाली, "ती आजी दगडाचं का विचारत होती?"

"शब्द अवघड आहे. मी सांगितला अर्थ."

"अर्थ सांगितलात. का विचारतेस, हे नाही विचारलंत."

मी म्हटलं की कोणी कोणी उगीच विचारतात. पण चार दिवस गेले तरी तिच्या मनातून ते जाईना. शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर तिने एवढंच सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीने जाऊन येऊ. काही नसलं तर नसलं. माझ्या माहेरच्या वाटेवरच आहे म्हणा." ती वाट तिच्या माहेरच्या बरोबर उलट दिशेला होती.

एसटी जिथे सोडते तिथून वाडी अर्ध्या तासावर. भिमाबाई अंगणात वालाचं बी निवडत होती. आम्हाला बघून ती दचकली. कागदात काही चुकलं आणि जमीन परत गळ्यात आली, असं तिला वाटलं असावं. सुनंदाने तिच्या शेजारी फतकल मारली आणि सुपातलं बी निवडायला घेतलं. मी उभाच. शेडमध्ये कधी ऐकली नव्हती अशा भाषेत सुनंदा तिला म्हणाली, "आये, कंचा दगड गो?"

भिमाबाईचे हात थांबले. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ऐनाखालचा. बांधावं आहे तो."

"कोन हाय तिथं?"

"माझी पोर."

बाळारामच्या पाठची मुलगी, आठ महिन्यांची. पावसाळ्यात तापाने गेली. एवढ्या तान्ह्या मुलाचं आमच्याकडे दहन करत नाहीत, पुरतात. नवऱ्याने माळाच्या बांधावर, ऐनाच्या झाडाखाली तिला ठेवलं आणि कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून नदीतला एक मोठा गोटा वर आणून बसवला. दर थंडीत वालाच्या पहिल्या शेंगा भिमाबाई तिथे नेऊन ठेवी. मग घरात वाल शिजे. बाळारामला एवढंच माहीत होतं की आई कुठल्याशा देवाला शेंगा वाहते. त्याने कधी विचारलं नव्हतं.

सुनंदा म्हणाली, "मंग तवा का नाय बोललीस गो? कचेरीत?"

"साहेब बोलले ना, सगळे दगड गेले. मना वाटलं कायदा असंल." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तीच मला समजवायला लागली. "तुमी नका वाईट वाटून घेऊ. जमीन दिली ती दिली. पोरांना शाळा शिकाया पायजे. फकस्त ते मोडकसाहेब परवा आखनी करत होते. पाण्याची टाकी म्हंत होते, उंचावं पायजे म्हनून ऐनापाशी. उद्या मशीन येनार हाय खोदाया."

एकतीस वर्षांत माझ्याकडून चुका झाल्या. एकदा गट नंबरातले आकडे उलटले, एकदा पूर्वपश्चिम बदलली. त्या सगळ्या दुरुस्त झाल्या आणि मी विसरलो. त्या अंगणात उभं असताना मात्र मला कळलं की ही माझी चूक आकड्याची नव्हती. बाई बरोबर जागी थांबली होती. बरोबर शब्द विचारला होता. आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

मोडकांना फोन लावायचा तर वाडीत रेंज नव्हती. रविवार म्हणून बाळाराम घरीच होता, दारातून त्याने सगळं ऐकलं होतं; तो मला ओढ्यापलीकडच्या एका कातळावर घेऊन गेला. वाडीचे सगळे फोन तिथूनच होत. मी मोडकांना सांगायला लागलो, "साहेब, दस्तात एक उल्लेख राहून गेलाय..."

ते तिथेच तुटक झाले. "दस्त नोंदला गेलाय. नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू, माझ्या हातात आहे. आता कसला उल्लेख?"

"जागेत एक दगड आहे..."

"हे बघा, फोनवर नको. पैसे वाढवून मागायचे असतील तर तसं स्पष्ट बोला. उद्या नऊला मी जागेवर आहे. तिथे या." फोन बंद झाला.

बाळाराम शेजारीच उभा होता. त्याला पलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, मी बापाच्या खांद्यावं बसून तिथनं शेकडो टायमाला गेलो असंन. मना कोनी सांगितलं नाय."

कायद्याने काय करता येईल, ते परतीच्या एसटीत मी सुनंदाला सांगत होतो. तेवढा तुकडा काढून भिमाबाईच्या नावावर करता येणार नाही, कारण शेतजमिनीचा इतका लहान तुकडा पाडून नोंदवता येत नाही. एकच वाट होती. दोघांच्या सहीने चूक दुरुस्तीचा दस्त करायचा आणि त्यात तो दगड आणि तिथे जाण्यायेण्याचा हक्क राखून ठेवायचा. पण त्याला मोडकांची सही पाहिजे. जमीन त्यांची झाली होती. त्यांनी नाही म्हटलं तर आम्ही दोघं फक्त बघत उभे राहू शकत होतो. सुनंदाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "उद्या शेड बंद ठेवायची ना?" सोमवार हा आमचा सगळ्यात गर्दीचा दिवस.

सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी आधीच चढून आला होता. ऐनाच्या झाडाखाली चुन्याने चौकोन आखलेला. गोटा त्या चौकोनाच्या जवळजवळ मधोमध. गुळगुळीत, काळपट, मांडीवर घेतलेल्या मुलाएवढा. भिमाबाई बांधाच्या कडेला उभी होती, जमीन विकल्यामुळे आत यावं की न यावं अशी. जेसीबीवाला पोरगेला भैया मशीनवरून ओरडत होता, "अंकल, जल्दी बोलो, दूसरी साइट पे जाना है."

मोडक नकाशा उघडून उभे. मला बघून म्हणाले, "बोला, कुठला उल्लेख?"

मी दस्ताच्या भाषेत सुरुवात केली. 'सदर मिळकतीपैकी...' असं काहीतरी म्हणालो असेन. सुनंदा मला मध्येच थांबवून म्हणाली, "साहेब, त्या दगडाखाली यांची मुलगी आहे. आठ महिन्यांची होती."

मोडकांनी नकाशावरून मान वर केली. दगडाकडे बघितलं. मग भिमाबाईकडे.

"कधी गेली?"

भिमाबाई म्हणाली, "बाळाराम तवा बोलाय लागला होता."

मोडकांनी बाळारामकडे बघितलं. त्याच्या कानाजवळचे केस पिकले होते. मोडक नकाशा गुंडाळायला लागले, नीट, कडा जुळवून, जसं सगळंच करत तसं. मला वाटलं, ते रागावून निघालेत. गुंडाळी काखेत मारून ते जेसीबीपर्यंत गेले आणि म्हणाले, "इधर नहीं. नीचे, वो कोपरे में."

"अंकल, नीचे टंकी से पानी ऊपर कैसे चढ़ेगा?"

"पंप बसवीन. तू तुझं खोद."

मग ते आमच्याकडे वळले. मी आभार मानणार तोच त्यांनी हात वर केला. "थांबा. माझ्या शब्दावर राहू नका. मी सत्तरीला आलो. माझा मुलगा पुण्याला असतो, त्याला ही जागा म्हणजे फोटोतला डोंगर. माझ्यानंतर तो विकेल, घेणारा आणखी कोणी असेल. त्यांना कोण सांगणार? कागदावर आणा. आणि माझ्यापुरतं नको, पुढे जो जो मालक होईल त्याला बांधील असेल असं आणा." थोडं थांबून ते म्हणाले, "काल फोनवर मी जरा... पैशांचं बोललो. ते सोडून द्या."

भिमाबाई बांध ओलांडून आत आली. तिने त्यांना नमस्कार केला नाही की काही नाही. दगडाभोवतीचा चुना पायाने पुसून टाकला.

चूक दुरुस्तीचा दस्त त्याच आठवड्यात केला. मी सांगायला लागलो, 'सदर मिळकतीच्या पूर्व बांधालगत असलेल्या ऐन जातीच्या वृक्षाखालील पाषाण व तत्संलग्न जागा यांबाबत लिहून देणार यांचा व त्यांचे वालीवारसांचा वहिवाटीचा हक्क...' भिमाबाई समोर बसली होती. सुनंदाने बोटं उचलली.

"आये, समजलं का गो?"

"नाय."

सुनंदाने माझं वाक्य पुसलं आणि स्वतःच टाइप केलं. मग वाचून दाखवलं. 'ऐनाच्या झाडाखालचा दगड भिमाबाई आणि तिच्या घरच्यांचा आहे. तो कोणी हलवू नये. तिथे जातायेता त्यांना कोणी अडवू नये.'

मी म्हटलं, "अगं, ही दस्ताची भाषा नाही. रजिस्ट्रार साहेब घेणार नाहीत."

"घेऊन तर बघा."

भिमाबाई म्हणाली, "हे समजलं."

मोडकांनी चष्मा वर सरकवून पडद्यावर ती तीन वाक्यं वाचली आणि म्हणाले, "यातला एक शब्द बदलू नका. पुढच्या मालकांचं बांधील असण्याचं तुमच्या भाषेत खाली घाला." मी घातलं. रजिस्ट्रार साहेबांनी दस्त वाचला, त्या ओळींवर क्षणभर थांबले आणि शिक्का मारला.

त्यानंतर सुनंदाने आमच्या कोऱ्या मसुद्यात एक रिकामी ओळ कायमची ठेवली. दस्त लिहायच्या आधी ती लिहून देणाऱ्याला विचारायची, "जागेत असं काय आहे जे द्यायचं नाही?" आधी मला वाटलं, याने कामं रखडतील. बहुतेक लोक 'काय नाय' म्हणत आणि ओळ पुसली जाई. पण दहातला एखादा थांबायचा. एकाने उभ्या वालाचं पीक काढून न्यायला दोन महिने राखले. किन्हवलीकडच्या एक बाई भावाच्या नावे हक्क सोडायला आल्या होत्या, त्यांनी एका रायवळ आंब्याची निम्मी फळं राखली. भाऊ रागाने म्हणाला, "मी काय तुला आंबे दिले नसते?" त्या म्हणाल्या, "तू दिलेस तर तुझे. हे माझे." एकजण गंभीरपणे म्हणाला, "बायको राखायची. ती जागेवरच असते कायम." सुनंदाने त्याला विचारलं, "सातबाऱ्यावर नाव आहे का तिचं? नाही? मग आधी ते लावा." तो पुढच्या महिन्यात खरंच ते लावून आला.

पुढे भिमाबाई गेली. तिला वाडीच्या नदीकाठी अग्नी दिला, सगळ्यांना देतात तिथे. मोडक पावसाळा सोडून दर महिन्याला जागेवर येत राहिले. खालच्या कोपऱ्यातली टाकी गळायची, पंप बिघडायचा. शेडमध्ये येऊन ते मला पंपाच्या तक्रारी सांगत, टाकीची जागा का बदलली हे मात्र कधी बोलत नसत. मग तेही येईनासे झाले. मी शेड सोडली. सुनंदाचं दुखणं तीन महिने चाललं. त्यात शेवटी शेवटी ती हातांची बोटं चादरीवर टाइप केल्यासारखी हलवायची. मी विचारायचो, काय लिहितेस? ती म्हणायची, "तुम्ही सांगाल ते."

मागच्या थंडीत एका सकाळी बाळाराम घरी आला. आता तोही निवृत्त, बदलापूरला राहतो, पण भातशेती अजून करतो. हातात पिशवी आणि कागदांचं भेंडोळं. खुर्चीच्या टोकावर बसला. सुनंदाच्या फोटोला हात जोडले.

"भाऊ, मोडकसाहेबांचा पोरगा माळ विकतोय. मोठा रस्ता झाल्यापासनं भाव वाढलाय ना. घेनारे प्लॉट पाडनारे हायेत. वीस-पंचवीस बंगले म्हंतात, मधनं रस्ते. त्यांनी मला कच्चा दस्त दिलाय, म्हंतात तुमचा काहीतरी संबंध येतो, बघून घ्या. ठाण्याच्या वकिलाने लिवलाय." त्याने भेंडोळं माझ्यापुढे धरलं. "मला वाचता येतं. पन तुमी वाचा."

मला ते कागद हातात घ्यायचे नव्हते. मला माहीत होतं की शहरातले वकील नव्याने दस्त लिहितात, त्यात इंग्रजी वळणाची लांब लांब कलमं असतात, आणि जे कलम विक्रीच्या आड येतं ते कसं गाळायचं हे त्यांना चांगलं कळतं. सुनंदाची तीन वाक्यं दस्ताची भाषा नव्हती, हे मीच तर म्हणालो होतो. बाळाराम माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चष्मा लावला.

पहिली बारा पानं मी त्याला वाचून दाखवली. नावं, कंपनीचा पत्ता, परवानग्या, रस्त्याची रुंदी. भाषा पूर्ण नवी होती, माझ्या ओळखीचं एक वाक्य त्यात नव्हतं. तेराव्या पानावर ती ओळ आली. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. तेवढी जुनी ओळ त्या वकिलालाही काढायचा धीर झाला नव्हता. मी ती वाचली आणि थांबलो.

"भाऊ?" बाळाराम म्हणाला.

पान उलटलं. वरतीच 'मात्र' असा शब्द होता, आणि त्याच्यापुढे, त्या सगळ्या कंपनीच्या आणि परवानग्यांच्या मधे, माझ्या बायकोची तीन वाक्यं जशीच्या तशी होती. त्यातला शब्द कोणी हलवला नव्हता. जुन्या दस्तातून नव्यात उतरवली होती, आम्ही आमच्या गुरूंची उतरवायचो तशी. जोडलेल्या नकाशात ऐनाभोवती बागेसाठी हिरवा तुकडा मोकळा सोडला होता आणि त्यात एक छोटा गोल काढून 'दगड' असं लिहिलं होतं. रस्ता त्याला वळसा घालून गेला होता.

मी वाचलं, "'ऐनाच्या झाडाखालचा दगड भिमाबाई आणि तिच्या घरच्यांचा आहे. तो कोणी हलवू नये. तिथे जातायेता त्यांना कोणी अडवू नये.'"

बाळारामने पिशवीतून वालाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. "पयल्या तिथं ठेवून आलो. या तुमाला." मग फोटोकडे बघून म्हणाला, "हे वयनींनी लिवलेलं ना?"

"हो."

"मंग परत वाचा."

मी परत वाचलं. या वेळी सावकाश.